सियाकमचा निर्णय ८ फेब्रुवारीच्या आत घ्या: रॅप्टर्सच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

मिसिसॉगा, ४ जानेवारी २०२४

प्रति,
मसाई उजिरी, अध्यक्ष
बॉबी वेब्स्टर, जनरल मॅनेजर
टोरांटो रॅप्टर्स

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर टपालानं टाकली आहे. ही मराठी प्रत मिसिसॉगा, ब्रॅम्प्टन, स्कारबरोमधल्या त्या घरांसाठी आहे, जिथे रात्रीची जेवणं उरकली की एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या, आपल्या रॅप्टर्सची मॅच लागते आणि गेले सहा महिने फिरून फिरून एकच विषय निघतो: संघाचा मोठा खेळाडू पास्कल सियाकम, त्याचं काय करणार? त्याचा करार या मोसमाबरोबर संपतो, आणि ट्रेडची, म्हणजे दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल करायची, मुदत ८ फेब्रुवारीला संपते. तुमच्याकडून उत्तर येत नाही, म्हणून चारचौघांत विचारतोय.

सोमवारी, १ जानेवारीला, मी आणि माझी मुलगी क्लीव्हलँडविरुद्धच्या मॅचला आलो होतो. ओजी अनुनोबीला न्यूयॉर्कला पाठवून दोनच दिवस झाले होते. त्याच्या बदल्यात आलेला आरजे बॅरेट आमच्याच मिसिसॉगाचा, त्यामुळे आमच्या रांगेत उत्साह होता. सियाकम त्या दिवशी फार सुंदर खेळला. पाठ टेकवून बचावपटूला मागे रेटायचं, मग अंगाभोवती गिरकी घेऊन बॉल बोर्डावर अलगद ठेवायचा, ही त्याची चाल आता आमच्या घरातल्या आजींनाही ओळखता येते. मध्यंतरात मुलीनं स्वतःच्या अंगावरच्या ४३ नंबरच्या जर्सीकडे बघत विचारलं, "बाबा, ही पुढच्या वर्षी घालता येईल ना?" ती तेरा वर्षांची आहे. मला उत्तर देता आलं नाही. तुम्हालाही ते देता येत नाहीये, आणि ते देणं तुमचं काम आहे.

मी कोण, हे आधी सांगतो. मी मूळचा सांगलीचा. वडिलांचं मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचं दुकान होतं. शाळेच्या मैदानात सिमेंटचं एक बास्केटबॉल कोर्ट होतं. रिंगला जाळी कधीच नसायची, त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून, यावर रोज भांडणं व्हायची. खेळाची ओढ त्या कोर्टवर लागली आणि बाजारभावाची समज दुकानात आली. दोन्ही घेऊन २००९ साली कॅनडात आलो.

सियाकमला मी पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या मोठ्या स्टेडियममध्ये नाही. २०१६-१७ च्या मोसमात, इथे मिसिसॉगात, रॅप्टर्स ९०५ या तुमच्या धाकट्या संघाकडून तो खेळायचा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सत्ताविसाव्या क्रमांकावर निवडलेला, कॅमेरूनमधल्या डुआला शहराचा काटकुळा पोरगा. किशोरवयात पाद्री होण्यासाठी सेमिनरीत शिकलेला, बास्केटबॉलकडे उशिरा वळलेला. बॉल हातातून गेला तरी पळत सुटायचा, आणि बाकीचे अर्ध्या कोर्टवर असताना हा दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असायचा. खुर्च्या निम्म्या रिकाम्या असत, त्यामुळे त्याच्या बुटांचा करकर आवाज वरपर्यंत यायचा. त्या मोसमात ९०५ नं विजेतेपद मिळवलं आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दोन वर्षांनी, २०१९ च्या एनबीए फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये त्यानं गोल्डन स्टेटविरुद्ध १७ पैकी १४ शॉट आत टाकले, ३२ गुण केले. त्या रात्री मी घरी टीव्हीसमोर उभा होतो. बसवतच नव्हतं.

तेव्हा माझा स्वार्थ उघड आहे. मला तो इथून जायला नको आहे. तरीही या पत्रात मी त्याला विकायची भाषा करणार आहे, कारण तुम्ही गोष्टी अशा थराला आणून ठेवल्या आहेत की प्रेमानं विचार केला तरी आकडे मांडावेच लागतात.

सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायची जुनी रीत होती. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. माल भरला की तोंड मातीनं लिंपून बंद. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड लागायची नाही. भाव पडलेला असला की शेतकरी माल पेवात टाकायचा आणि वाट बघायचा. माझे वडील मात्र पेवात माल टाकणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: किती भावाला काढणार आणि कधीपर्यंत थांबणार, हे आज सांग. ज्याच्याकडे उत्तर असायचं, त्याचं बहुतेक बरं व्हायचं. ज्याच्याकडे नसायचं, तो दर वाढला की अजून वाढेल म्हणून थांबायचा आणि पडला की आता कसा विकू म्हणून थांबायचा. २००५ च्या महापुरात हरिपूरची पेवं पाण्याखाली गेली. आमच्या दुकानाशी जोडलेल्या एका शेतकऱ्याचा तीन वर्षांचा माल त्यात होता. तो दुकानाच्या पायरीवर बसून होता, बोलत नव्हता. वडिलांनी त्याला चहा दिला आणि तेही बोलले नाहीत.

माणसाला हळदीच्या पोत्याशेजारी ठेवलेलं मला आवडत नाही. सियाकम हा माल नाही. पण त्याचा करार तोलला जातो, आणि त्या कराराचे दिवस संपत आले की भाव उतरतो, मग खेळाडू कितीही चांगला असो. हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी वाचणाऱ्यांसाठी मांडतो.

सियाकम २९ वर्षांचा आहे, २ एप्रिलला तिशीत जाईल. दोनदा ऑल-स्टार, दोनदा ऑल-एनबीए, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत. या मोसमाचा त्याचा पगार सुमारे ३ कोटी ७९ लाख डॉलर. करार याच मोसमाबरोबर संपतो आणि जुलैमध्ये तो फ्री एजंट होतो, म्हणजे हवं त्या संघाशी करार करायला मोकळा. आज जो संघ त्याला घेईल, त्याला दोन गोष्टी मिळतील. एक, तीन-साडेतीन महिन्यांचा खेळ आणि त्यानंतर प्लेऑफ, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्या. दुसरी, बर्ड राइट्स, म्हणजे सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) ओलांडून त्याला पुन्हा करारबद्ध करायचा हक्क. ट्रेड झाला की हा हक्क खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातो.

या दुसऱ्या गोष्टीतच खरी किंमत आहे. पुढच्या वर्षीची कॅप अंदाजाप्रमाणे १४ कोटी २० लाखांच्या आसपास राहिली, तर आठ वर्षं खेळलेल्या सियाकमचा कमाल पगार तिच्या ३० टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी सव्वाचार कोटींहून थोडा जास्त होतो. बर्ड राइट्स हातात असलेला संघ त्याला पाच वर्षं आणि दरवर्षी ८ टक्के वाढ देऊ शकतो. बेरीज साधारण २४ कोटी ७० लाखांवर जाते. बाहेरचा संघ चार वर्षं आणि ५ टक्के वाढ इतकंच देऊ शकतो, म्हणजे साधारण १८ कोटी ३० लाख. मधलं अंतर सहा कोटींहून मोठं आहे. ज्याच्या हातात ते अंतर, त्याच्याकडे सियाकम राहण्याची शक्यता जास्त. पण शक्यताच, खात्री नाही. आणि खात्री नसलेल्या गोष्टीला कोणीही पूर्ण भाव देत नाही.

उदाहरणं समोरच आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात मिनेसोटानं रूडी गोबेअरसाठी युटाला पहिल्या फेरीचे चार पिक, म्हणजे पुढच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे हक्क, दिले, वर खेळाडू दिले. गोबेअरच्या करारात तेव्हा चार मोसम शिल्लक होते. मागच्या फेब्रुवारीत डॅलसनं कायरी अर्विंगला ब्रुकलिनकडून घेतलं, तेव्हा त्याच्या कराराचे जेमतेम पाच महिने उरले होते. ब्रुकलिनला मिळालं काय? पहिल्या फेरीचा एक पिक, तोही २०२९ चा, दुसऱ्या फेरीचे दोन, आणि डिनविडी व फिनी-स्मिथ हे दोन जाणते खेळाडू. कायरी आणि गोबेअर यांच्या खेळात कोण थोर, हा वाद बाजूला ठेवू. भावातला मोठा फरक शिल्लक वर्षांनी पाडला. आणि परवाचा तुमचाच ओजीचा सौदा घ्या. तोही या उन्हाळ्यात मोकळा होऊ शकतो. तुम्हाला क्विकली आणि बॅरेट हे दोन तरुण, चांगले खेळाडू मिळाले, पण पहिल्या फेरीचा एकही पिक मिळाला नाही.

तुम्ही स्वतः एकदा या बाजारात खरेदीला उभे होता. जुलै २०१८. क्वाय लेनर्डच्या करारात एकच खात्रीचं वर्ष उरलं होतं, तो पायाच्या दुखापतीतून उठत होता, आणि तो इथे राहील असं कुणीच म्हणत नव्हतं. सॅन अँटोनिओला तुम्ही डीमार डीरोझन, याकोब पोल्टल आणि पहिल्या फेरीचा एक संरक्षित पिक दिला, म्हणजे ठरलेल्या वरच्या क्रमांकांत आला तर देणाऱ्याकडेच राहणारा. वर डॅनी ग्रीनही घेतलात. समोरच्याची अडचण ओळखून तुम्ही कमी भावात मोठा माणूस आणलात आणि शहराला पहिलं एनबीए विजेतेपद दिलंत. १२ मे २०१९ च्या रात्री फिलाडेल्फियाविरुद्ध त्याचा तो बॉल रिंगवर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला, तेव्हा वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली धावत आले होते. क्वाय पुढच्याच उन्हाळ्यात क्लिपर्सकडे गेला. बदल्यात काही आलं नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कधीच नव्हती. तुम्ही काय घेतलं, का घेतलं, ते जाताना काय होईल, हे सगळं आधी ठरलेलं होतं. तक्रार त्यानंतरच्या वर्षांची आहे.

पहिली तक्रार मागच्या फेब्रुवारीची. ९ फेब्रुवारी २०२३ ला ट्रेडची मुदत संपली. तेव्हा तुमच्याकडे फ्रेड व्हॅनव्हलीट होता, गॅरी ट्रेंट होता, दोघेही त्या उन्हाळ्यात मोकळे होऊ शकत होते. ओजीची आणि सियाकमची दीड-दीड वर्षं शिल्लक होती. म्हणजे चारही जणांचा भाव होता, आणि सियाकमचा तर तेव्हा शिखरावर होता. डिसेंबरातच त्यानं मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ५२ गुण केले होते. संघ जिंकत होता तितकाच हरत होता. दोन रस्ते होते: काहींना विकून नवा संघ उभारायचा, किंवा चौघांशी बोलणी करून त्यांना बांधून घ्यायचं. तुम्ही तिसराच रस्ता धरलात. विकलं कुणालाच नाही. उलट पोल्टलला परत आणलं, ज्याचा करारही त्याच उन्हाळ्यात संपत होता, आणि त्यासाठी सॅन अँटोनिओला २०२४ चा पहिल्या फेरीचा पिक दिला. पोल्टलशी माझं वाकडं नाही, तो कष्टाळू खेळाडू आहे. पण बुडत्या-तरत्या संघाला एक सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, जोडून काय होणार होतं?

काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. १२ एप्रिल २०२३, शिकागोविरुद्ध प्ले-इन, म्हणजे प्लेऑफमध्ये शिरण्यासाठीची मॅच, आपल्याच घरी. मी तिथे होतो. एकोणीस गुणांची आघाडी हातात होती. ३६ फ्री थ्रो मिळाले, १८ चुकले. १०९-१०५ असे हरलो. प्रत्येक चुकलेल्या फ्री थ्रोला माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा हातातला कार्यक्रमाचा कागद एक घडी घालायचे. शेवटी त्या कागदाची सुपारीएवढी गोळी झाली होती. ४१ जिंकलेल्या, ४१ हरलेल्या मॅच, आणि मोसम संपला.

दुसरी तक्रार जुलैची. फ्रेड व्हॅनव्हलीट ह्यूस्टनला गेला, तीन वर्षांसाठी, सुमारे १३ कोटी डॉलरवर. ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला मुलगा, तुम्ही हातानं घडवलात, विजेता झाला, ऑल-स्टार झाला, आणि गेला. बदल्यात शून्य. २०२० मध्ये मार्क गासोल आणि सर्ज इबाका असेच गेले होते, पण ते उतारवयात होते. व्हॅनव्हलीट २९ चा होता. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण आमच्या घरात त्या रात्री तीनदा उच्चारली गेली. आपला जुना खेळाडू काइल लौरी याच्या वेळचा घोळ मी इथे उगाळत नाही. २५ मार्च २०२१ ला, त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी, सगळ्यांनी त्याला मनातल्या मनात निरोप दिला आणि ट्रेड झालाच नाही. पण उन्हाळ्यात मायामीशी सौदा करून तुम्ही निदान काहीतरी पदरात पाडून घेतलंत.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त लागलेली आहे. मागचा मोसम संपल्यावर तुम्ही जाहीरपणे म्हणालात की हा संघ बघायला मजा आली नाही, खेळाडू स्वार्थीपणे खेळले. सियाकमच्या कराराचा प्रश्न निघाला तेव्हाही तेच कारण पुढे आलं. मसाईसाहेब, तुमचा राग खरा असेल. पण अडत्या स्वतःच्या दुकानातल्या मालात खडे आहेत असं सौद्याच्या सकाळी ओरडून सांगतो का? आणि ज्या माणसाला तुम्हाला कदाचित ठेवायचंही आहे, त्याच्याबद्दल असं चारचौघांत बोलून त्याच्या मनात काय उरलं असेल? विकायचं तरी नुकसान, ठेवायचं तरी नुकसान. सियाकमनं उलट उत्तर दिलं नाही. नवे प्रशिक्षक डार्को रायाकोविच यांनी सांगितलेला खेळ तो खेळतो आहे, बॉल फिरवतो आहे, संघातल्या तरुण स्कॉटी बार्न्सला पुढे होऊ देतो आहे. त्यानं हे शहर सोडायची इच्छा एकदाही जाहीरपणे बोलून दाखवलेली नाही.

आणखी एक. उन्हाळ्यात त्याच्याशी करार वाढवायची मुभा होती, आजही आहे. नियमांप्रमाणे आणखी चार वर्षं, जास्तीत जास्त १९ कोटींच्या थोडं वर. ऑक्टोबर आला, मोसम सुरू झाला, करार झाला नाही. त्या आकड्याला तुमची तयारी नसेल तर ते मी समजू शकतो. तिशीतल्या खेळाडूला इतकी रक्कम, त्यात खेळाडू संघटनेशी झालेल्या नव्या करारात लक्झरी टॅक्सच्या (पगारावर जास्त खर्च करणाऱ्या संघाला बसणाऱ्या कराच्या) वर असलेली दोन कडक कुंपणं, आणि उद्या बार्न्सचाही मोठा करार यायचाय. हा हिशेब मला पटतो. पण मग तो हिशेब जूनमध्येही तोच होता. तेव्हा सियाकमच्या कराराचं पूर्ण वर्ष शिल्लक होतं आणि घेणाऱ्याला ते वर्ष मिळालं असतं. सहा महिने गेले, त्या सहा महिन्यांत आपल्याला मिळालं काय? जिंकण्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त.

सॅन अँटोनिओला दिलेल्या त्या पिकचंही सांगायला हवं, कारण आमच्यातल्या अनेकांना ते नीट ठाऊक नाही. यंदाचा आपला पिक पहिल्या सहांत आला तरच आपल्याकडे राहतो. सातवा किंवा त्यापुढे गेला की सॅन अँटोनिओचा. वरचे क्रमांक बहुतेक हरणाऱ्या संघांना मिळतात, म्हणजे या वर्षी अर्धवट चांगलं असणं सर्वांत महाग आहे. ओजीला पाठवून तुम्ही संघ बदलायला सुरुवात केलीत, पण सियाकमचं काहीच न ठरवता. अशानं प्लेऑफही हुकेल आणि पिकही जाईल.

मला ठाऊक आहे, दुसरी बाजू आहे. घेणारे तुमची घाई ओळखून भाव पाडत असतील. ज्या संघाला सियाकम आपल्याशी दीर्घ करार करणार नाही असं वाटतं, तो हात आखडता घेत असेल. सियाकम जुलैत कुठे जाणार हे आधी सांगायला बांधील नाही. वडिलांच्या अपघाती मृत्यूच्या वेळी घरापासून हजारो मैल लांब असलेल्या त्या पोरानं एवढी वर्षं कमावलेला तो हक्क आहे आणि त्यावर मी बोट ठेवणार नाही. आमच्यातही मतं दोन आहेत. माझ्या शेजाऱ्यांचं म्हणणं, असा खेळाडू पुन्हा मिळत नाही, जे मागेल ते द्या. माझ्या मुलीचंही तेच. मी त्यांच्याशी भांडत नाही. त्याला पूर्ण मानाचा करार देऊन ठेवलंत तर हे पत्र मी आनंदानं फाडेन.

पण तसं करायचं नसेल, तर माझ्या हिशेबानं आज त्याचा वाजवी भाव असा: पहिल्या फेरीचे निदान दोन पिक, त्यातला एक तरी पुढच्या वर्षांतला आणि शक्य तितका कमी संरक्षणाचा, आणि पगार जुळवायला येणाऱ्या खेळाडूंत एक पंचविशीच्या आतला. तिसरा पिक मिळाला तर उत्तम सौदा. एका पिकवर आणि तीन संपत आलेल्या करारांवर दिलात, तर तो व्हॅनव्हलीटच्या वेळचाच घोळ, फक्त कागदावर दोन नावं जास्त. कायरीपेक्षा सियाकम धाकटा आहे, भरवशाचा आहे, रोज खेळतो. ब्रुकलिनला मिळालं त्याहून जास्त मागायला तुम्हाला तोंड आहे. ते तोंड ८ फेब्रुवारीनंतर राहणार नाही.

म्हणून मागण्या. एक, मुदतीच्या आत निर्णय घ्या, तो कोणताही असो. करार द्यायचा तर आता समोर ठेवा, नाहीतर ट्रेड करा. जुलैमध्ये बघू, असं म्हणून त्याला मोसम संपेपर्यंत तसंच ठेवू नका. दोन, मिळालेले पिक पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या संपत आलेल्या करारावर उधळू नका. पोल्टलच्या वेळी आपण ते करून बसलो आहोत. ते पिक बार्न्सच्या वयाच्या मुलांसाठी वापरा. तीन, निर्णय झाला की समोर या आणि आकड्यांसकट सांगा: काय मागितलं, काय मिळालं, मागच्या वर्षी का विकलं नाही. आम्ही ऐकून घेऊ. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे सीमा बंद होती आणि संघ अमेरिकेत टँपात खेळत होता, अख्खा मोसम आपलं घरचं मैदान दुसऱ्या देशात होतं, तरी इथल्या माणसांनी साथ सोडली नव्हती.

शेवटची मागणी पैशाची नाही. २०१८ मध्ये डीमार डीरोझनला आपण इथेच राहणार असं वाटत होतं आणि मग तो गेला. नंतर तुम्ही जाहीर माफी मागितलीत, तो तुमचा मोठेपणा. ती वेळ पुन्हा येऊ देऊ नका. सियाकम साडेसात वर्षं या शहराचा आहे. त्याला कुठे पाठवायचं ठरलं, तर तुमच्यापैकी एकानं त्याच्या घरी जावं, समोर बसावं, आणि सांगावं.

८ फेब्रुवारीला दुपारी तीन वाजता मी कामावर गोदामात असेन. फोन खिशात असेल, तो थरथरला की मला कळेल काय झालं ते. संध्याकाळी घरी जाऊन मुलीला सांगायचं काम माझं, ते मी करेन. पण मला कळायच्या आधी ते त्याला कळलेलं असू द्या.

आपला,
मिसिसॉगातला एक रॅप्टर्स प्रेक्षक